मोहोरबंद इंजिनाची बखर

श्री

ज्याच्या कृपेने चाक फिरते आणि ज्याच्या इतराजीने जागीच राहते, त्या गजाननास प्रथम नमन. नंतर साहेबांचे चरणी दफ्तरातील एका जुन्या चाकराचा दंडवत. विज्ञापना ऐसी जे, साहेबी मेहेरबान होऊन आज्ञा केली की, आपले राज्यात माणसावाचून चालणाऱ्या गाडीचे लहान इंजिन कैसे उत्पन्न जाहले, कोणी केले, त्याचे पुढे काय जाहले, ती हकीकत साद्यंत लिहून सादर करणे. आज्ञा शिरसावंद्य. परंतु साहेबांस करमणुकीची इच्छा असेल तर कागद येथेच मिटावा आणि विडा घ्यावा, कारण या हकीकतीत इंजिन चालते आणि माणसे मरतात, आणि चाकरास ती लिहिताना वारंवार लेखणी खाली ठेवावी लागली.

राज्याभिषेक शके एकसष्ट, दुर्मुख नाम संवत्सर. संवत्सराचे नाव ऐकोनच लोकांनी काय ते समजावयाचे होते, परंतु त्या साली दरबारी आतषबाजी बहुत जाहली. राज्याच्या उत्तरेस पर्वत आहे आणि पर्वतावर राज्याचा अखेरचा गड आहे. गडास नाव आहे, परंतु ते घेतले की अजून काही घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, सबब येथे नुसता गड म्हणोन लिहिले आहे. गडाखाली घाट, घाटाखाली सरकारी कोठार. कोठारातून दाणा, तेल, लाकूड हमालांच्या पाठीवरून वर जात असे, आणि बर्फ पडू लागले की घाटात कडा कोसळे आणि हमाल गाडले जात, मग वसंतात बर्फ वितळले की ते सापडत, पाठीवरची पोती तशीच. दरबारात दरसाल याचे दुःख होई, दरसाल दोन घटका स्तब्ध उभे राहण्याची चाल होती, आणि मग भोजन होई. त्या साली गडाची किल्लेदारी सूर्याजीराव दिघे यांस सांगितली. सूर्याजीराव म्हणजे उमदा माणूस, हसरा, हाताखालच्या शिपायाच्या पोराचे बारसेसुद्धा न चुकविणारा. त्यांचे कुटुंब द्वारकाबाई, आणि द्वारकाबाईंचे वडील बंधू आबाजीराव कर्णिक. हे आबाजीराव सरकारी यंत्रशाळेचे मुख्य, परदेशी शिकोन आलेले, हुशार, आणि आपण हुशार आहो हे न विसरणारे. ज्या दिवशी किल्लेदारीची वस्त्रे मिळाली त्या दिवशी द्वारकाबाई भावाचे घरी आल्या आणि बोलिल्या, "दादा, हे वर जाणार. घाट बंद झाला की वर काही पोचत नाही म्हणतात. तू एवढी यंत्रं करतोस, मग दाणा माणसाशिवाय वर जाईल असं काही कर ना." आबाजीराव बोलिले, "करतो. तुझ्या नवऱ्याला गरम भात पोचेल, तूप घालून." हे बोलणे त्यांनी थट्टेत केले, परंतु मनात धरिले, आणि येथून इंजिनाचे प्रकरण सुरू जाहले.

मग आबाजीराव यांनी मसलत ऐसी केली की, मोठे यंत्र घाटात चढत नाही, बर्फात रुतते, सबब गाडी लहान करावी, खाली चाकांभोवती रुंद पट्टा लावावा, आणि तीस इंजिन एवढेच द्यावे की एक माणूस बगलेत मारोन नेईल. ऐसे इंजिन राज्यात कोठे होते? तर आंब्याच्या बागेत पाठीवर पंप बांधोन औषध फवारतात त्या पंपास होते. आबाजीराव यांनी बागाईतदाराकडोन एक पंप मागविला, त्याचे इंजिन काढिले आणि त्यामागे लागले. ते इंजिन झाडाखाली गुरगुरण्यापुरते केलेले, त्यास ओझे दिले की तापे, पिस्टन जाम होई, आणि थंडीत तर दोरी ओढून ओढून हाताची साल निघे. मग पिस्टन बदलिला, तेल पातळ केले, पुन्हा जोडिले, पुन्हा फुटले. थंडीची परीक्षा घ्यावयास राजधानीत थंडी नाही, म्हणोन बंदरावरचा मासळीचा बर्फखाना मागोन घेतला, आणि तेथे पेट्यांच्या मधोमध घोंगडी पांघरोन आबाजीराव इंजिनाची दोरी ओढीत बसत. घरी येत तेव्हा अंगास ऐसा वास येई की द्वारकाबाई नाकास पदर लावोन म्हणत, "दादा, इंजिन करतोयस की बोंबील वाळत घालतोयस?" आणि आबाजीराव म्हणत, "दोन्ही जमतंय आता." ते दिवस सुखाचे होते, हे चाकरास आता कळते.

मग दरबारची मंडळी यात पडली. यंत्रखात्याचे दिवाण लखमोपंत. लखमोपंत स्वभावाने वाईट नव्हते, मोठ्याने बोलत नसत, कोणाचे कागद अडवून ठेवीत नसत, परंतु त्यांस एकच भीती होती की कधी हुजुरांपुढे आपण उभे असता काही बिघडू नये, आणि त्या भीतीपायी ते वाटेल ते बिघडवीत. त्यांनी प्रथम सांगितले की गाडीचा आवाज होऊ नये, मग सांगितले की आवाज अगदीच नसेल तर गाडी चालते हे हुजुरांस कळणार कैसे, मग गाडीच्या तोंडाशी राज्यचिन्हाचा पितळी सिंह बसविण्याचा हुकूम जाहला. सिंह तयार होऊन आला तो इंजिनाहून जड. आबाजीराव बोलिले, "पंत, या सिंहामुळे गाडीतलं एक पोतं कमी होईल." लखमोपंत बोलिले, "होईल तर होईल, पण सिंह नसला तर गाडी कोणाची हे कसं कळणार?" वर घाटात गाडी पाहावयास होते कोण, लांडगे. तरीही सिंह बसला, आणि पोते उतरले.

परंतु इंजिन साधले. गाडीची युक्ती ऐसी होती की घाटात ठिकठिकाणी खुणेचे खांब रोविले, गाडी एका खांबावरून दुसरा खांब ओळखीत आपली आपण खाली कोठारापर्यंत जाई, कोठारवाले पोती भरीत आणि कळ दाबीत, की आपली आपण वर येई. वर कोणी आजारी पडला तर त्यास त्याच गाडीत घालोन उतरवावा, सबब गाड्या गडावर ठेवाव्या ऐसे ठरले. गडावर एका माणसाने दोरी ओढोन इंजिन सुरू करावे, इतकेच काम. आता या इंजिनाची मुख्य खुबी साहेबी ध्यानात ठेवावी. गडावर गारठा तर असतोच, परंतु हवाही विरळ असते, आणि विरळ हवेत इंजिनास पेट्रोल राजधानीइतकेच दिले तर ते ठसकते, काळा धूर सोडते, प्लग ओला होतो आणि बंद पडते. यास्तव आबाजीराव यांनी कार्बुरेटरास बाहेरून एक पेच ठेविला. खाली असता पेच एका जागी, वर गेलियावर अर्धा वळसा उजवीकडे, की पेट्रोल बेताचे होई आणि इंजिन गाऊ लागे. आबाजीराव स्वतः एक गाडी घेऊन उंच डोंगरी गेले, पेच फिरविला, आणि इंजिन पहिल्या दोरीस सुरू जाहले. त्या दिवशी ते डोंगरावर एकटेच मोठ्याने हसले, हे त्यांनी पुढे बहिणीस सांगितले.

भाद्रपदात गाड्या दरबारी दाखविल्या. येथे दरबारची एक चाल सांगणे प्राप्त आहे. जी वस्तू हुजुरांच्या नजरेखालून गेली, ती हुजुरांस जैसी दिसली तैसीच राहावी, म्हणोन तिच्या मर्मावर लाखेची मोहोर करावयाची. तराजूस काट्यावर मोहोर, तरवारीस मुठीवर, घड्याळास किल्लीच्या भोकावर. आणि त्या कारणे राज्यातील यच्चयावत सरकारी घड्याळे ज्या वेळी दरबारी दाखविली तीच वेळ आजतागायत दाखवितात. मोहोर फक्त मोहोरदाराने लावावी आणि लावणाऱ्याच हाताने काढावी. मोहोर राखोन जो मेला, त्याच्या बायकापोरांस लष्करी चाळीतील घर पिढ्यानपिढ्या चालावे, आणि ज्या ठाण्यात मोहोर फुटली त्या ठाण्याच्या एकूणएक माणसांची घरे सरकारजमा व्हावी, ऐसा कायदा. कायदा थोरल्या हुजुरांचे वेळचा, तेव्हा त्यास कोणी हात लावीत नाही. तर दरबार भरला, आबाजीराव यांनी दोरी ओढिली, पहिल्याच दोरीस इंजिन सुरू जाहले, गाडी बैठकीभोवती फिरोन हुजुरांपुढे थांबली, आणि दरबार वाहवा करू लागला. हुजूर प्रसन्न होऊन विचारते जाहले, "आबाजी, एवढ्याशा यंत्राचं मर्म कुठं आहे?" आणि आबाजीराव त्या आनंदात, जन्मात एकदाच यावा त्या आनंदात, त्यांनी पेचावर बोट ठेविले आणि बोलिले, "इथे, हुजूर." हुजुरांनीही कौतुकाने तेथेच बोट ठेविले. तत्क्षणी मोहोरदार केसोपंत पुढे आले, लाख तापविली, आणि सर्व गाड्यांच्या पेचांवर मोहोर केली. दरबारात राहोन ही चाल आबाजीराव यांस ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती. परंतु आपले कौतुक होत असता माणसास दुसरे काही आठवत नाही.

दरबार उठताच आबाजीराव लखमोपंतांकडे धावले आणि बोलिले, "पंत, मोहोर पेचावर नको. वर गेल्यावर तोच फिरवायचा आहे, नाहीतर गाडी चालणार नाही." लखमोपंत बोलिले, "हुजुरांनी जिथं बोट ठेवलं तिथंच मोहोर. मी आता हुजुरांना सांगू का, की तुमचं बोट चुकलं?" मग आबाजीराव यांचा चेहरा पाहोन त्यांस दया आली आणि बोलिले, "जीव खाली-वर करू नका. गाड्या पुढे जाऊ द्यात. दसऱ्याची शस्त्रं मोहोरबंद झाली की केसोपंतांनाच गडावर पाठवतो, ते आपल्या हातानं मोहोर काढतील, तुम्ही पेच फिरवा, पुन्हा मोहोर करतील. झालं?" आबाजीराव बोलिले, "दसऱ्याआधी बर्फ पडलं तर?" लखमोपंत बोलिले, "आजवर कधी पडलंय?" आणि हे खरे होते, आजवर पडले नव्हते. तेव्हा गाड्या खेचरांवर लादोन सूर्याजीरावांबरोबर वर गेल्या. निघताना सूर्याजीराव मेहुण्यास म्हणाले, "आबासाहेब, भात तुपाचा पाठवायचं कबूल केलंय म्हणे?" आणि सर्व हसले. त्या साली बर्फ नवरात्रात पडले, घटही उठले नव्हते तो घाट बंद जाहला, आणि केसोपंत शस्त्रांच्या ढिगात लाख तापवीत राजधानीतच राहिले.

पुढे गडावर शिल्लक दाणा होता तो काही काळ पुरला. मग सूर्याजीरावांनी गाडी बाहेर काढविली. दिवाणखान्याच्या शेजारी बिनतारी यंत्राची खोली आहे, तेथे गडाचा आवाज येतो आणि खोलीत असतील ते सर्व ऐकतात. आबाजीराव तेथे दिवसभर बसत. सूर्याजीरावांचा आवाज आला, "आबासाहेब, दोरी ओढतो, दोन-चार वेळा खोकतं, काळा धूर सोडतं आणि बंद पडतं. प्लग काढून पाहिला, ओलाचिंब." आबाजीराव बोलिले, "पेट्रोल जास्त होतंय. पेच अर्धा वळसा उजवीकडे, एवढंच." "पेचावर मोहोर आहे." "ठाऊक आहे मला. फोडा." मग सूर्याजीराव बोलिले, "कशी फोडू? माझं एकट्याचं घर असतं तर तुम्ही बोलायच्या आधी फोडली असती. इथं चाळीसेक माणसं आहेत, आबासाहेब. सगळ्यांची बायकापोरं खाली चाळीत." आबाजीराव बोलिले, "मी परवानगी आणतो. तोवर शेगडीजवळ प्लग सुकवत राहा, जमलं तर जमलं." आणि ते तैसेच उठोन दिवाणांकडे गेले.

परवानगी मिळाली! साहेबांस आश्चर्य वाटेल, पण दरबारात कोणी नाही म्हटले नाही. मसलतीस बैठक भरली, हुजूर स्वतः सद्गदित जाहले, आणि हुकूम जाहला की, गडकऱ्यांच्या उपयोगार्थ मोहोरदार केसोपंत यांनी गडावर जाऊन आपल्या हाताने मोहोर काढावी. हुकुमावर चांदीचे पाणी शिंपडिले. केसोपंत त्याच दिवशी निघाले, कोठारापर्यंत पोचले, आणि पाहातात तो घाटावर बर्फाचा डोंगर, माणसास पाय ठेवावयास जागा नाही. त्या बर्फावरून जाईल ऐसी वस्तू एकच होती, ती म्हणजे गडावरची गाडी, आणि गाडी चालावी तर मोहोर काढावी, आणि मोहोर काढावी तर केसोपंत वर जावे. केसोपंत भले गृहस्थ, कोठाराच्या दारात हुकुमाची नळी कवटाळोन दिवसचे दिवस वर पाहात बसत. द्वारकाबाई हे ऐकोन दिवाणखान्यात आल्या. पदर कमरेस खोचलेला, पायात वहाण नाही. बोलिल्या, "दिवाणसाहेब, हुजुरांनीच काढायला सांगितलीय ना मोहोर? मग वरच्या माणसांनी काढली काय आणि केसोपंतांनी काढली काय?" लखमोपंत बोलिले, "बाई, मोहोर निघायला आमची ना नाही. पण ज्या हातानं लागली त्याच हातानं निघाली पाहिजे. हे मी नाही ठरवलेलं." बाई बोलिल्या, "मग ठरवलं कोणी?" लखमोपंत खाली पाहोन बोलिले, "ठरवणारे वारले." त्यांचे डोळे भरले होते, हे चाकर खरे लिहितो. रडणे त्यांस येत असे, फक्त त्यापुढे काही करणे येत नसे.

मग आबाजीराव यांनी बहिणीस बिनतारीजवळ बसविले. खोलीत कारकून होते, दिवाणांचा माणूस होता, कोणी उठले नाही. द्वारकाबाई बोलिल्या, "अहो, ऐकू येतंय का? फोडा ती मोहोर. घर गेलं तर जाऊ दे. मी दादाकडे राहीन, पोरं दादाकडे राहतील." सूर्याजीरावांचा आवाज आता बारीक जाहला होता. बोलिले, "तुला दादा आहे, द्वारका. धोंडजी न्हाव्याच्या बायकोला कोण आहे? तिचं पोर तर आत्ता रांगतंय." बाई बोलिल्या, "मग त्यांनाच विचारा, त्यांना जगायचंय की घर हवंय!" सूर्याजीराव बोलिले, "विचारलं. सगळ्यांना गोळा करून विचारलं. कोणी हो म्हणेना आणि कोणी नाही म्हणेना, जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. मग मीच म्हटलं, राहू दे. म्हटलं, केसोपंत येतील." बाई बोलिल्या, "ते नाही यायचे हो! ते खाली बसलेत, त्यांना वाट नाही!" यावर सूर्याजीराव बोलिले, "ते मला कळतं. हे मी माणसांना नाही सांगितलं." मग पोरांची नावे घेऊन एकेकाची विचारपूस केली, धाकट्याचा खोकला गेला का म्हणोन विचारिले, आणि बॅटरी राखली पाहिजे ऐसे बोलोन आवाज बंद केला. आबाजीराव त्यानंतरही रोज बिनतारीजवळ बसत. गडाचा आवाज एकेक दिवसाआड, मग आठवड्याने, आणि पौषात अजिबात यावयाचा थांबला. खोलीतले कारकून एकेक करोन दुसरी कामे पाहू लागले, आणि आबाजीराव मात्र कानास यंत्र लावोन तैसेच बसोन राहात, त्यांस कोणी ऊठ म्हटले नाही आणि बस म्हटले नाही.

चैत्रात घाट मोकळा जाहला. केसोपंत आणि आबाजीराव एकदमच वर गेले, बरोबर थोडे लोक. गडाचे वर्णन चाकर करीत नाही. एवढेच लिहितो की सर्व मंडळी एकाच कोठीत होती, एकमेकांस खेटोन, आणि सूर्याजीराव दाराशी होते. गाड्या अंगणात ओळीने उभ्या, पितळी सिंह बर्फाने पांढरे जाहलेले. केसोपंत गाड्यांजवळ गेले तो काय पाहातात, प्रत्येक पेचावर लोकरीचे मफलर गुंडाळलेले. आपल्या गळ्यातली मफलरे काढोन गडकऱ्यांनी लाखेस गुंडाळिली होती, कारण थंडीने लाख तडकते, आणि तडकली तर कोणी म्हणेल की यांनीच फोडली. केसोपंतांनी एकेक मफलर सोडिले. मोहोरा शाबूत, जैशा काही काल लावलेल्या. केसोपंत तेथेच दगडावर बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले, आणि बोलिले, "घरं राहिली, आबाजीराव. या लोकांनी घरं राखली."

मग डोळे पुसोन त्यांनी पंचनामा लिहावयास घेतला, कारण तेवढ्याकरिताच ते आले होते. आबाजीराव बोलिले, "आता तरी मोहोर काढा, हुकूम आहे तुमच्याकडे." केसोपंत बोलिले, "हुकूम गडकऱ्यांच्या उपयोगासाठी होता. आता उपयोग कोणाला? तो हुकूम संपला." आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले की, मोहोरा जागच्या जागी आहेत, यंत्रे हुजुरांसमक्ष पहिल्या दोरीस चालली असल्याकारणे निर्दोष आहेत, सबब गडावर ती न चालण्याचे कारण गडकऱ्यांची हयगय. आबाजीराव बोलिले, "तो शब्द काढा." केसोपंत बोलिले, "काय लिहू त्या जागी? हुजुरांपुढे चाललेलं यंत्र नादुरुस्त आहे असं लिहू? घरं राहतायत ना, शब्दाचं काय घेऊन बसलात?" आबाजीराव बोलिले, "यांना दोरी ओढता येत नव्हती म्हणून मेले, असं लिहून जाणार तुम्ही? यांची पोरं उद्या ते वाचणार?" केसोपंत पुन्हा लेखणी शाईत बुडवू लागले. साहेब, त्या घटकेस आबाजीराव यांचे मनात काय आले ते देव जाणे. पौषापासोन ज्याने मुका आवाज ऐकला, त्याचे डोके ठिकाणी कैसे राहावे? त्यांनी दगड उचलिला आणि पहिल्या गाडीच्या पेचावर मारिला. केसोपंत ओरडले, "आबाजीराव, घरं!" परंतु लाख बर्फावर सांडली होती. आबाजीराव यांनी प्लग पुसोन लाविला, पेच अर्धा वळसा उजवीकडे फिरविला, दोरी ओढिली.

इंजिन पहिल्याच दोरीस सुरू जाहले. धूर नाही, खोकणे नाही, साफ, एकसुरी आवाज. गाडीस जैसे शिकविले होते तैसी ती आपली आपण वळली, दरवाजाबाहेर पडली आणि खांब ओळखीत घाट उतरू लागली. कोणी तिला थांबविले नाही. उन्हे कलू लागली तो ती परत आली. कोठारवाल्यांस बिचाऱ्यांस काय ठाऊक, गाडी आली पाहोन त्यांस वाटले वर कोणी जिवंत आहे, आणि आनंदाने त्यांनी ती गच्च भरिली होती: तांदूळ, लाकूड, रॉकेल, आणि कोणी पदरचे तुपाचे भांडेही ठेविले होते. गाडी अंगणात येऊन कोठीच्या दाराशी, सूर्याजीरावांच्या पायाशी थांबली, आणि माल उतरविण्याची वाट पाहात गुरगुरत उभी राहिली. आबाजीराव तिजकडे पाहात होते. ते रडले नाहीत, हसलेही नाहीत. शेवटी केसोपंतांनीच उठोन कळ बंद केली, आणि पंचनाम्यातील पहिली ओळ खोडोन मोहोर फुटली ऐसे लिहिले. तो कागद दफ्तरात आहे. खोटे लिहिणे त्यांस कधी आले नाही.

वैशाखात चाळ रिकामी केली. लखमोपंतांनी गाडे स्वतः पाठविले, सामानास दोर दिले, कोणास घाई करू नये ऐसी ताकीद दिली. धोंडजी न्हाव्याची बायको पोर कडेवर घेऊन कोठे गेली ते कोणास ठाऊक नाही, बाकीच्याही ज्या त्या दिशेस गेल्या, आणि जाताना कोणी आबाजीराव यांस शिव्या दिल्या, कोणी पाया पडल्या. द्वारकाबाई उंबऱ्याशी गाठोडे बांधीत होत्या. आबाजीराव पुढ्यात येऊन उभे राहिले. बाई गाठ मारिता मारिता बोलिल्या, "दादा, सुरू झालं का रे ते?" आबाजीराव बोलिले, "झालं." बाई बोलिल्या, "पहिल्याच दोरीला?" आबाजीराव बोलिले, "पहिल्याच." मग द्वारकाबाईंनी गाठोडे भावाच्या हाती दिले आणि आत जाऊन, ज्या घरावर आता आपला हक्क नाही त्या घराचा केर काढावयास घेतला.

येणेप्रमाणे शके बासष्टच्या आरंभी आपले राज्यात निर्मनुष्य गाडीचे लहान इंजिन सिद्ध जाहले. ते हलके आहे, बर्फात चालते, विरळ हवेत चालते, आणि दरबारी त्याची तारीफ होते. आबाजीराव यंत्रशाळेत येतात, बसतात, कोणाशी बोलत नाहीत. हल्ली त्या इंजिनाच्या पेचावर एकीच्या जागी दोन मोहोरा करितात, आणि गडावर नवी माणसे पाठविली आहेत.